आयपी ६८ : जाहिरात पाण्यात, वॉरंटी काठावर

मोबाइलच्या खोक्यावरचा ‘आयपी ६८’ हा शिक्का आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातला. ते अडुसष्ट टक्के नव्हेत. सहा आणि आठ हे दोन वेगळ्या विषयांचे निकाल आहेत.

पहिला अंक धुळीचा, ० ते ६. पाचला थोडी धूळ आत गेली तरी चालते, कामात अडथळा नको. सहाला धुळीला पूर्ण मज्जाव. चाचणी टाल्कम पावडरीने होते. खणलेल्या रस्त्यावरच्या धुळीला या परीक्षेत स्थान नाही. अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल तर त्या विषयाचा निकाल जाहीर केलेला नाही, असे समजावे.

दुसरा अंक पाण्याचा, ० ते ९. एक म्हणजे वरून पडणारे थेंब, चार म्हणजे चहूकडून शिंतोडे, पाच-सहा म्हणजे नळीची धार आणि सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडी. आठसाठी खोली आणि वेळ उत्पादकाशी बोलून ठरते. अट एवढीच, की चाचणी सातपेक्षा कडक हवी. पेपर काढताना परीक्षार्थीचे मत घेतल्यावर दोन कंपन्यांचे आठ सारखे निघत नाहीत. शिवाय बुडीत पास झालेला फोन धारेतही पास असतोच असे नाही; ती परीक्षा वेगळी द्यावी लागते.

परीक्षेचे पाणी स्वच्छ आणि गोडे, फोन कोरा करकरीत. समुद्राचे खारे पाणी, साबणाचा फेस, उसळता चहा हे सारे अभ्यासक्रमाबाहेर. आतले रबरी गॅस्केट झिजते, फोन आपटला की फटी पडतात. खोक्यावरचा आकडा मात्र चिरतरुण राहतो.

जाहिरातीतला फोन पोहतो, वॉरंटी काठावरच बसते. बऱ्याच फोनमध्ये पाणी लागताच लाल होणारी पांढरी पट्टी असते. सर्व्हिस सेंटरवाला आधी तिच्यावर टॉर्च मारतो. इटलीत २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड झाला, त्यात एक आक्षेप नेमका हाच होता : दावा जलरोधाचा आणि वॉरंटीत पाण्याचे नुकसान वर्ज्य. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. जाहिरातीत फोन जलतरण तलावात आणि समुद्रात होते. प्रत्यक्षात ओल्या पोर्टला चार्जर लावल्यास पोर्ट गंजण्याचा धोका होता.

म्हणून भिजलेला फोन पुसावा आणि पोर्ट पुरते वाळेपर्यंत चार्जर लावू नये. तेवढ्या वेळात वॉरंटीची बारीक अक्षरे वाचून होतात.