पत्थरवाले काकाजी

मे महिन्यात दुपारी एक वाजता चंद्रपूरच्या उन्हात दोनच प्रकारची माणसं दिसतात. ज्यांचा इलाज नाही ती, आणि आमचे काकाजी. कोळशाच्या खाणीत ओव्हरमन होते, निवृत्त झाले. खाण सुटली, पण दगड सुटला नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात भिंग, पिशवीत हातोडी आणि संडास साफ करायच्या ॲसिडची अर्धी बाटली. कॉलनीत त्यांना तोंडावर काकाजी म्हणतात, माघारी पत्थरवाले काकाजी.

नवीन पाहुणा दिसला की काकाजी त्याला पैनगंगेच्या पात्राकडे नेतात. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचे पुण्याचे जावई सापडले. पारा ४६ वर. काकाजींनी त्यांना इरई गावाजवळ तापलेल्या चुनखडीवर उभं केलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही उभे आहात ना, इथं बर्फ होता."

जावईबापूंना वाटलं, काकाजींना ऊन लागलं. पण गोष्ट खरी आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला हा भूभाग दक्षिण ध्रुवाकडे होता आणि इथून हिमनद्या सरकत होत्या. त्यांच्या तळाला अडकलेल्या धोंड्यांनी खालची चुनखडी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर समांतर ओरखडे ओढले. फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञानं १८७५ मध्ये यावर लेखच लिहिला. चुनखडीच्या वर जो थर आहे त्यात गोटे, वाळू, चिखल सगळं कालवलेलं. "पाणी निवडून ठेवते," काकाजी सांगत होते, "जड आधी टाकते, हलकं पुढं नेते. बर्फाले निवडनं येत नाही. वितळला का जागेवरच सारं टाकून मोकळा." जावईबापूंनी एवढंच विचारलं की त्यातला थोडा आता मिळेल का.

काकाजी माणसाची जात कधी विचारत नाहीत. दगडाची विचारल्याशिवाय त्याच्यावर बसत नाहीत. जाती तीन. वितळलेल्या रसाचा थिजून झाला तो अग्निज. गाळ साचून, दबून, चिकटून झाला तो गाळाचा. आणि आधी यातलाच कोणीतरी असून पोटात गेल्यावर उष्णतेनं नि दाबानं ज्याचं रूप पालटलं, तो रूपांतरित. तिन्ही जाती आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतच नांदतात, त्यामुळे काकाजींना परदेशी जायची गरज पडली नाही. पश्चिमेला वरोऱ्याच्या अंगाला लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, मधे वर्धेच्या खोऱ्यात वालुकाश्म आणि कोळसा, गडचांदूरकडे चुनखडी (म्हणून सिमेंटचे कारखाने), आणि पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात इतके जुने पट्ट्यापट्ट्यांचे नाइस की त्यांच्यापुढे डायनासोर म्हणजे शेंबडी पोरं.

पोटजातीही आहेत. रस जमिनीखाली सावकाश थिजला तर स्फटिक मोठे होतात, डोळ्याला दिसतात, तो ग्रॅनाइट. वर येऊन झटकन थिजला तर दाणा बारीक, तो बेसाल्ट. गाळाचा हिशेब दाण्याच्या मापावर. दोन मिलिमीटरच्या वर गोटा, त्याखाली वाळू, मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याहून बारीक झाला की गाळ आणि चिकणमाती. हे पडताळायला काकाजींनी वर्धेची वाळू काकूंच्या रव्याच्या चाळणीतून चाळली. त्या दिवाळीला काकूंच्या करंज्या खाताना आम्ही सगळे कमी बोलत होतो.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलीच्या वडिलांनी कौतुकानं स्वयंपाकघर दाखवलं. "ओटा पूर्ण ग्रॅनाइटचा आहे." काकाजींनी भिंग काढलं. दोन मिनिटं ओट्यावर नाक टेकवून राहिले आणि म्हणाले, "ह्याच्यात गारगोटीचा कण कुठं आहे? दुकानदारानं तुम्हाले फसवलं." पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही काळ्या दगडाला बाजार ग्रॅनाइट म्हणतो, त्यातले बरेच गॅब्रो नाही तर डोलेराइट असतात, हे सगळं खरं. पण ते त्या घरात, त्या मिनिटाला सांगायचं नव्हतं. वर त्यांनी न विचारता बैठकीच्या कोटा फरशीवर ॲसिडचा थेंब टाकला. फरशी फसफसली. "पहा, चुनखडी!" ते आनंदानं ओरडले. डाग अजून आहे म्हणतात. सोयरीक मात्र जमली, कारण मुलीला मुलगा आवडला होता आणि फरशीशी तिला देणंघेणं नव्हतं. परतताना बसमध्ये काकाजींनी कोट्याचा विषय पुन्हा काढला. फरशीचा कोटा राजस्थानातला. आपला कोटा सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेकाठी, आणि तिथल्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे सापडतात. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता ऐकून घेतलं.

त्यांच्या बैठकीत देवीच्या फोटोखाली एक काळपट, वेटोळा गोळा असतो. नव्या सुनेनं महिनाभर श्रद्धेनं हळदकुंकू वाहिलं. मग कळलं की ते वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचं डायनासोरचं शेण आहे, दगड झालेलं. सून माहेरी जायला निघाली. काकाजी दारात आडवे: "अगं, साधं शेण नाही ते! पिसदुऱ्याच्या असल्याच शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले. डायनासोरच्या काळात गवत होतं हे २००५ मध्ये जगाले तिथून समजलं!" काकूंनी मध्यस्थी केली. गोळा आता चपलांच्या रॅकवर आहे.

हरले ते एकाच ठिकाणी, सुरजागडला. तिथला लोहखनिजाचा डोंगर म्हणजे लोह आणि सिलिकेचे एकाआड एक पट्टे. मुळात समुद्रतळी साचलेले, म्हणजे गाळाचे. पुढे दाबाखाली पालटले, म्हणजे रूपांतरित. बाकी एटापल्ली तालुका खाण हवी की नको यावर भांडत होता, नोकऱ्या, जंगल, ट्रकांची धूळ यावर बोलत होता. काकाजी रात्रभर जागे होते, वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं म्हणून. रकाना अजून कोरा आहे. जाती पक्क्या नसतात हे त्यांना नको असतं तेव्हाही मान्य करावं लागतं. ग्रॅनाइट झिजून वाळू होते, वाळूचा वालुकाश्म, तो दबून क्वार्टझाइट, आणि खोल गेला तर पुन्हा रस. रोटीबेटी सगळीकडे.

त्यांच्याकडून उसने पैसे घ्यावेत, देऊ मात्र नयेत. "अलीकडे" या शब्दाचा त्यांचा अर्थ साडेसहा कोटी वर्षांपर्यंत जातो.

परवा वॉर्डातले एक इच्छुक उमेदवार हात जोडून आले. गप्पांत म्हणाले, "काकाजी, आम्ही कोणत्या जातीचे दगड हो?" असल्या प्रश्नाला काकाजी सहसा उत्तर देत नाहीत, साठ-सत्तर वर्षं टिकणाऱ्या वस्तूचं वर्गीकरण ते करत नाहीत. त्या दिवशी मात्र भिंग काढून त्यांनी पाहुण्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमचा अजून गाळच आहे," ते म्हणाले. "खडक व्हाले वरून वजन पडावं लागते."