पुराव्यानिशी नाना

ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेन्सिल चालवली, त्याला निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न पडत नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले नाना लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात त्यांनी पाण्याच्या टँकरची बिलं तपासायला मागितली. सेक्रेटरींनी टाळाटाळ केली. नानांनी माहितीच्या अधिकाराचा नुसता उल्लेख केला, बिलं संध्याकाळी हजर. नानांच्या घरी १९८७ सालच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे. मिक्सर नाही.

असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. ओळखायची खूण सोपी: शर्टाच्या खिशात पेन, पेनामागे घडी घातलेला कागद, आणि कोणी काहीही सांगितलं तरी पहिला प्रश्न, "कशावरून?" भूकंप झाला असं सांगत तुम्ही धावत खाली आलात तरी ते आधी "कशावरून?" विचारतील, मग चपला घालतील.

अशा माणसाला पुण्यात गाडी चालवावी लागणं हा अन्यायच. इथल्या रस्त्यावर जे होतं त्याला पावती नसते. रिक्षा आरसा घासून जाते आणि वर रिक्षावालाच म्हणतो, "काका, तुम्हीच मधे आलात." जमलेली गर्दी काही न पाहता निकाल देते, कारण ज्याची गाडी मोठी त्याची चूक मोठी, हा आपला अलिखित कायदा. नळ स्टॉपला एकदा उलट्या दिशेने आलेल्या स्कूटरवाल्याने नानांनाच "दिसत नाही का?" असं विचारलं. नानांना सगळं दिसलं होतं. पण दिसलं याला पुरावा नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकू सांगतात. (नाना म्हणतात, जेवलो होतो, ताक घेतलं नाही.)

तेव्हा डॅशकॅम आला.

कर्वे रोडच्या एका ॲक्सेसरीजवाल्याने तो बसवून द्यायचे आठशे रुपये सांगितले. "काम किती वेळाचं?" नानांनी विचारलं. "अर्धा तास." "म्हणजे तासाला सोळाशे," नाना म्हणाले आणि दुकानातून बाहेर पडले. मग त्यांनी तापकीर गल्लीत जाऊन मल्टिमीटर, वायरचे लग दाबायची पक्कड आणि पॅनेल उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या. फ्यूज टॅप आणला नाना पेठेतून. पेठ आपल्या नावाची असून कुणी पाच रुपयेही कमी केले नाहीत, हेही वहीत लिहून ठेवलं. एकूण झाले एक हजार सातशे चाळीस. आठशे वाचवायला सतराशे चाळीस का, असं आम्ही विचारलं. "आठशे हा महसुली खर्च झाला असता," नाना म्हणाले, "हा भांडवली आहे."

आता खरं सांगायचं तर डॅशकॅम बसवायला काहीच लागत नाही. काचेला चिकटवायचा, वायर लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची, झालं. पण त्या सॉकेटवर काकूंच्या मोबाइल चार्जरची वहिवाट होती. शिवाय काचेवरून डॅशबोर्डवर लोंबणारी वायर म्हणजे नानांच्या दृष्टीने अर्धवट सोडलेली फाइल. वायर दिसता कामा नये, आणि गाडी बंद असतानाही कॅमेऱ्याने पार्किंगवर नजर ठेवली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी वीज फ्यूज टॅप लावून थेट फ्यूज बॉक्समधून घ्यायची. वायरी तीन: काळी बॉडीच्या बोल्टला, पिवळी चोवीस तास वीज असलेल्या फ्यूजला, लाल ती जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते तिथे. आणि मधे एक डबी, बॅटरीचे बारा व्होल्ट कॅमेऱ्यासाठी पाचावर आणणारी आणि बॅटरी फार उतरली की पुरवठा तोडणारी. "नाहीतर सकाळी धक्का मारायला तुम्हालाच बोलवावं लागेल," असं नाना म्हणाले. ही एक गोष्ट आम्ही पुरावा न मागता मान्य केली.

रविवारी सकाळी आठला काम सुरू झालं. आमच्या गाड्यांचा फ्यूज बॉक्स ज्याने स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याच्या पलीकडे ठेवला, तो माणूस सडपातळ असावा. नाना नाहीत. त्यांनी आधी बसून पाहिलं, मग वाकून, शेवटी डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर अशी अवस्था घेतली. त्यानंतरचे दोन तास सोसायटी नानांच्या पायांशी बोलत होती. पेपरवाल्याने बिल पायांना दिलं. सेक्रेटरी पायांना म्हणाले, "कॉमन पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करायची नाहीत, असा ठराव आहे." पाय म्हणाले, "ठराव क्रमांक?" सेक्रेटरी निघून गेले.

काकूंकडे दोन खाती होती: टॉर्च आणि चावी. मल्टिमीटरची सुई एकेका फ्यूजला लागली की आतून हुकूम यायचा, "चालू!" काकू चावी फिरवायच्या. "बंद!" काकू बंद करायच्या. मधेच, "अगं, टॉर्च माझ्या डोळ्यात नको, फ्यूजवर धर." "अहो, तुमचं डोकं आणि फ्यूज एकाच ठिकाणी आहेत, त्याला मी काय करू?" सोसायटीतली पोरं जमली. नानांनी तिथूनच शिकवणी चालू केली: लाल फ्यूज दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, एअरबॅगच्या आणि ब्रेकच्या फ्यूजला जन्मात हात लावायचा नाही. एका मुलाने विचारलं, "कशावरून?" आतून बराच वेळ आवाज आला नाही. मग फ्यूज बॉक्सचं झाकण बाहेर सरकवण्यात आलं. त्याच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला होता. तो मुलगा आता नानांचा लाडका आहे.

पिलरच्या कामाला मात्र मी नानांना मनापासून मानलं. काच आणि दार यांच्यामधल्या त्या प्लास्टिकच्या आवरणावर बारीक अक्षरांत एअरबॅग असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक लोक ते वाचत नाहीत. टक्कर झाली की पडद्यासारखी ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत छताच्या कडेतून खाली येते. कॅमेऱ्याची वायर तिच्यावरून नेली तर पिशवी अडकू शकते, किंवा वायरच तोंडावर येऊ शकते. दुकानातली घाईची पोरं कधीकधी वायर सरळ बोटाने रेटून देतात. नानांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, काही मिनिटं थांबले, आवरण अलगद उचललं, वायर पिशवीच्या मागून नेऊन आधीच्याच जाड वायरींच्या जुडग्याला बांधली आणि आवरणाच्या क्लिपा नव्या लावल्या, कारण कित्येक गाड्यांत त्या एकदा काढल्या की पुन्हा भरवशाच्या राहत नाहीत. तिथे त्यांनी एकही विनोद केला नाही, कुणाला करू दिला नाही. आठशे रुपयांत एवढी काळजी कोणी विकत देत नाही, आणि या एका कामापुरतं ते सतराशे चाळीस मी मंजूर करतो.

बॅटरीची तार काढल्यामुळे काकूंनी गाडीच्या रेडिओत साठवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली, हे मागाहून कळलं. त्याची नोंद नानांच्या वहीत नाही. काकूंकडे आहे.

कॅमेऱ्याची निवडही अशीच पारखून झाली होती. वैशाखात उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे साध्या बॅटरीचा कॅमेरा फुगतो, म्हणून आत कपॅसिटर असलेला. जागा आरशाच्या मागे, वायपर जिथवर पुसतो तिथे, नाहीतर पावसाळ्यात चार महिने नुसते थेंब दिसतात. चिकटपट्टी लावायच्या आधी काच स्पिरिटने पुसली आणि पट्टीला चोवीस तास कुणी हात लावायचा नाही, असा फलक गाडीला लावला. वॉचमनने तो वाचून गाडीलाच हात लावायचा सोडला, धुवायचीही बंद केली.

आता नानांच्या प्रचाराला जोर आला. रशियात २०१३ च्या फेब्रुवारीत चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, ती जगाने पाहिली ती तिथल्या गाड्यांमधल्या डॅशकॅममुळे, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. काकू म्हणाल्या, "आपल्याकडे उल्का पडत नाहीत, फांद्या पडतात." "लोणारला पडली होती," नाना म्हणाले. "तिथे तेव्हा एक कॅमेरा असता, तर ज्वालामुखी की उल्का, यावर विद्वानांची इतकी वर्षं गेली नसती." यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. लोणारकडेही नसावं.

पहिल्या आठवड्याचं चित्रण नानांनी टीव्हीवर लावलं आणि आम्हाला पोहे खायला बोलावलं. चित्र झकास होतं. फक्त डाव्या कोपऱ्यात वेळ दिसत होती ती पहाटे साडेतीनची, आणि नाना सिंहगड रोडला होते. काकूंनी पोह्यांची डिश खाली ठेवली. "पहाटे साडेतीनला सिंहगड रोडला काय काम होतं?" "अगं, ऊन दिसतंय की!" "कशावरून?" काकूंनी विचारलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत नानांना हा प्रश्न समोरून आला नव्हता. उलगडा झाला तो असा: जीपीएस उपग्रहाकडून जी वेळ मिळते ती जागतिक वेळ; आपल्या घड्याळासाठी कॅमेऱ्यात अधिक साडेपाच तास असं सांगावं लागतं. नाना सकाळी नऊला भाजी आणायला गेले होते. भाजीची पावती नसल्यामुळे प्रकरण दुपारपर्यंत चाललं.

पुराव्याच्या कायदेशीर बाजूवर तर त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं चित्रण न्यायालयात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, लिहावा लागतो. भाग ए पक्षकाराने भरायचा, भाग बी तज्ज्ञाने. नानांनी कोऱ्या प्रती छापून गाडीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, पंक्चरच्या किटच्या वर. तज्ज्ञाची सहीही आपलीच का चालू नये, हा त्यांचा कायद्यावरचा एकमेव आक्षेप.

तर कागद तयार, कॅमेरा तयार, आणि अपघात होईना. नानांच्या गाडीला कोणी धक्का देईना. आरसाही घासेना. समोरचा कॅमेरा पाहून लोक सुधारले, की नानाच आपण चित्रित होतोय म्हणून तिशीच्या वर जाईनात, कळायला मार्ग नाही. चांदणी चौक झाला, कात्रज झालं. "सहज चक्कर" म्हणून नवले पुलापर्यंत जाऊन आले आणि कोरे परतले. एक स्कूटरवाला सिग्नल तोडताना सापडला खरा, पण त्याच्या पाटीवर ४१४१ हे आकडे 'दादा' दिसतील असे रंगवलेले होते. तक्रारीच्या रकान्यात दादा लिहिणं नानांना जड गेलं.

शेवटी एका भाजीच्या टेम्पोने मागे येताना त्यांचा पुढचा बंपर चेपला. टेम्पोवाला नेहमीप्रमाणे म्हणाला, "काका, तुम्हीच पुढे आलात." नाना हसले. मी त्यांना भांडणात हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शांतपणे कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं आणि घरी येऊन टीव्हीला लावलं. टेम्पो नव्हता.

त्याचं असं होतं. हादरा बसला की कॅमेरा त्याला अपघात समजतो आणि ती फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे नवं चित्रण जुन्यावर चढताना ती पुसली जात नाही. हादरा किती बसला म्हणजे अपघात, हे आपण ठरवायचं असतं. नानांनी संवेदनशीलता सर्वांत वर ठेवली होती. पुरावा निसटायला नको! त्यामुळे कोथरूड ते स्वारगेट प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक आणि डांबर घालताना उंचावर राहिलेलं ड्रेनेजचं प्रत्येक झाकण कॅमेऱ्याने अपघात म्हणून जपून ठेवलं. कार्ड कुलपांनी भरलं आणि नव्या नोंदीला जागा उरली नाही. कॅमेऱ्याची यात चूक काढता येत नाही. ज्याने हा बनवला त्याच्या गावी रस्ते सपाट असणार.

नानांनी त्या रात्री स्वतःविरुद्ध रीतसर आक्षेप काढला: "यंत्र वेळेत तपासले नाही, सबब पुरावा उपलब्ध होऊ शकला नाही." त्याखाली स्वतःच खुलासा लिहिला, स्वतःच तो अमान्य केला आणि बंपरचा खर्च स्वतःकडून वसूल केला. संवेदनशीलता खाली आणली, कार्ड महिन्याच्या एक तारखेला साफ करायचं ठरलं. खड्ड्यांच्या फाइली मात्र पुसल्या नाहीत. ठिकाण, तारीख आणि वेळेसह (आता बरोबर) त्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात दिल्या. त्यातले दोन खड्डे बुजवले गेले. नाना रोज त्यावरून जातात. तिथे कॅमेरा गप्प राहिला की त्यांना बरं वाटतं आणि थोडं चुकल्यासारखंही.

सध्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांना नानांनी बसवलेले डॅशकॅम आहेत. मजुरी घेत नाहीत. सामानाची पावती मात्र दाखवावी लागते. तुम्हालाही बसवून हवा असेल तर कॅमेरा आणि फ्यूज टॅप घेऊन रविवारी सकाळी आठला खाली या. टॉर्च धरायला माणूस आपल्या घरचं आणा. काकूंनी ते काम सोडलं आहे, आणि तसं लेखी दिलं आहे.