म्हशीच्या कानात

सिनेमाच्या युनिटमध्ये सगळेच दादा असतात. स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा. आमचे दिग्दर्शक नुसतेच दादा. एरवी ते लग्नाचे व्हिडिओ काढतात. मुहूर्त टळला तरी चालेल, पण वधूपित्याच्या डोळ्यातलं पाणी क्लोजअपमध्ये आलंच पाहिजे, अशा निष्ठेने काढतात. आतला कलावंत मात्र कित्येक वर्षं दबा धरून बसला होता. मुलीला झोपवताना तिचं चित्रपुस्तक हातात आलं आणि त्याने झडप घातली.

पुस्तक 32 पानांचं. चित्रपुस्तकं बहुधा तेवढीच असतात. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे. गोष्ट अशी की एक म्हैस रस्त्यात बसते. मागे एसटी अडते, एसटीमागे वरात, वरातीमागे सरपंचांची जीप. हॉर्न वाजतो, ताशा वाजतो, शेपूट पिरगाळून होतं. म्हैस ढिम्म. मग एक चिमुरडी येते आणि तिच्या कानात काहीतरी सांगते. पान उलटलं की म्हैस आपली चालायला लागलेली. काय सांगितलं, ते पुस्तकात नाही.

"यात फिल्म आहे," दादा सकाळी सातला माझ्या दारात उभे राहून म्हणाले. "पुस्तकातलं काहीही बदलायचं नाही. शंभर टक्के प्रामाणिक!" मला तेव्हाच धडकी भरली.

परवानग्या दोन लागल्या, कारण कायद्याने मजकुराचा हक्क वेगळा आणि चित्रांचा वेगळा. चित्रकाराने चहा पाजून सही केली. लेखिकाबाईंनी एक अट घातली, "कानात काय सांगितलं, तेवढं फक्त सांगू नका." दादा वाकून म्हणाले, "ताई, तोच तर गोष्टीचा प्राण आहे." आणि जिना उतरता उतरता मला, "पण काय सांगितलं असेल रे?"

आधी अॅनिमेशन करायचं ठरलं. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम वापरायचं म्हटलं, तरी आठ मिनिटांना 5,760 चित्रं. हा गुणाकार दादांनी पाकिटावर केला, पाकीट खिशात ठेवलं आणि जाहीर केलं, "खरी म्हैस घेऊ."

त्यानंतर पटकथा फुगायला लागली. मी हरकत घेतली की दादा थेट परदेशातून साक्षीदार आणत. "रेमंड ब्रिग्जच्या 'द स्नोमॅन'मध्ये सांताक्लॉज आहे? नाही! 1982च्या फिल्ममध्ये आहे. 'ग्रफेलो'च्या पुस्तकात खारीण आहे? नाही! फिल्ममध्ये तीच गोष्ट सांगते. सेंडॅकचं 'वाइल्ड थिंग्ज' 338 शब्दांचं, त्याचा जोंझने 101 मिनिटांचा सिनेमा केला. आणि तू मला एका ड्रोन शॉटवरून बोलतोस?" (ड्रोनचे हप्ते चालू होते. ड्रोन उडणारच होता.) त्याच सेंडॅकच्या पुस्तकावर जीन डाइचने प्रागमध्ये बसून 1973 साली काही मिनिटांचीच फिल्म केली होती, हे मी सुचवून पाहिलं. दादा म्हणाले, "त्याच्याकडे ड्रोन नव्हता."

मग म्हशीला भूतकाळ आला. तिचं रेडकू बाजारात विकलं गेलं होतं. चिमुरडीला शहरात गेलेला बाप आला. एसटीच्या कंडक्टरला अव्यक्त प्रेम आलं. पुस्तकाच्या दोन पानांमध्ये एक फट असते. त्या फटीत पोर स्वतः जाऊन बसतं, हवं तेवढा वेळ बसतं, मग आपल्या हाताने पान उलटतं. दादांसारख्यांना ही फट बघवत नाही. भिंतीला चीर दिसली की रंगाऱ्याने लांबी भरावी तसे ते संवाद भरत सुटतात. वाईट याचं वाटतं, की हे सगळं निव्वळ प्रेमापोटी चाललेलं असतं. पुस्तक आवडलं नसतं, तर बिचारं वाचलं असतं.

शूटिंग वाईजवळच्या एका गावात होतं. या भागाने 'स्वदेस'चं शूटिंग पाहिलेलं, त्यामुळे कॅमेऱ्याचं अप्रूप फक्त आम्हालाच. म्हशीच्या मालकाने पहिला प्रश्न विचारला, "सिंगल शिफ्ट का डबल?" जनावर पडद्यावर आणायचं तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ते मंडळ हरियाणात, बल्लभगडला. म्हैस नेमकी काय करणार, हे कळवायचं होतं. दादांनी लिहिलं, "काही नाही."

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. म्हैस बसेना. पुस्तकाचा सगळा विषय तिला उठवण्याचा, आमचा अख्खा दिवस तिला बसवण्यात गेला. हिरवा चारा झाला, पेंड झाली, मालकाने पाठीवरून हात फिरवला. ती उभ्या उभ्या रवंथ करत दादांकडे बघत राहिली. शेवटी उन्हं कलल्यावर, लंच ब्रेक उशिरा सुटलेला असताना, ती जनरेटरच्या वायरवर जाऊन बसली. लाइट गेले. आता उठेना. लाइटदादा म्हणाले, "दादा, तिच्या कानात काय सांगायचं ते सांगा की!"

दादांनी खरंच वाकून काहीतरी सांगितलं. म्हशीने कान हलवला, बस्स. पुढे मालकाने नुसती बादली वाजवली आणि ती उठली.

फिल्म 19 मिनिटांची झाली. बाईंची अट पाळली: ऐन क्षणी एसटीचा हॉर्न टाकला. सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना दाखवली. रेडकाच्या ताटातुटीला आया रडल्या, पोरं सतरंजीवर लोळली. कानातल्या प्रसंगाला मात्र सगळी उठून बसली. हॉर्न वाजला, म्हैस चालू लागली, आणि पुढच्या रांगेतली एक चिमणी ओरडली, "थांबा! मागचं पान!" दादा लॅपटॉपकडे धावले. पुन्हा दाखवलं. "अजून एकदा!" तिसऱ्या वेळी पोरं आपसात कुजबुजत होती, काय सांगितलं असेल ते जो तो सांगत होता. दादांचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, आता कळलं.

"बघितलंस?" ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "लोकांना उत्तर हवंय. भाग दोन!"

सध्या मात्र भाग दोन मागे पडलाय. दादांना एक पुस्तक मिळालंय, ज्यात एकही शब्द नाही, नुसती चित्रं. "संवादांचा खर्चच वाचला," म्हणून खूश होते. काल पटकथा वाचायला पाठवली. 64 पानं आहेत, आणि दोन निवेदक.