रंगसमितीतला रसिक

सोसायटीचं रंगकाम निघालं की समिती होते आणि समितीत ‘कलेतलं कळणारा’ एक जण लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी ‘नको नको’ म्हणालो. जेमतेम ऐकू जाईल इतपत.

माझी अपेक्षा माफक होती. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, इथे कुणीतरी रसिक राहतो. तो कोण, हे त्याने वॉचमनकडे चौकशी करून शोधावं. मी शेडकार्ड उशाशी घेऊन झोपू लागलो.

पेंटर त्या कार्डाकडे बघेना. पॅरापेटच्या नव्या गिलाव्यावर नख ओढून म्हणाला, “प्लास्टर कधीचं?”

“हस्तिदंती कसा वाटेल?” मी.

“साहेब, २८ दिवस तरी होऊ द्या.”

सिमेंटमधला अल्कली ताज्या गिलाव्यात जोरात असतो. त्यावर ऑइलपेंट फासला, तर अल्कली आणि तेल मिळून चक्क साबण होतो आणि रंग सुटून येतो. म्हणून आधी अल्कली सोसणारा प्रायमर, वर बाहेरच्या भिंतींचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. गच्चीचा स्लॅब उन्हात प्रसरतो, रात्री आखडतो; तिथे लवचीक वॉटरप्रूफ कोटिंग. पार्किंगच्या कोब्याला इपॉक्सी. पण आधी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम दिसला, तर खालून ओल आहे. इपॉक्सी उघड्यावर मात्र नको, उन्हाने पिवळा पडतो. या सगळ्यात हस्तिदंतीचा प्रश्न कुठेच येत नव्हता.

पण जिना माझा होता. जिन्यातल्या पट्ट्याविषयी मला थोडं सविस्तर बोलू द्या. शाळा, कचेरी, सरकारी दवाखाना, एस.टी. स्टँड, कुठेही जा. वर पांढरी भिंत आणि खाली कमरेपर्यंत ऑइलपेंटचा चॉकलेटी किंवा काळपट लाल पट्टा. ऑइलपेंट धुता येतो, हे कारण खरंच आहे. पण चॉकलेटीच का? कारण तो पानाच्या पिंकेशी सलोख्याने राहतो. आपल्या सार्वजनिक जीवनाचा हा रंग कुणा चित्रकाराने निवडलेला नाही. लोकांनी तोंडी मतदानाने निवडलाय. पट्ट्याची उंचीसुद्धा नेम धरणाऱ्याचा सरासरी आवाका पाहूनच ठरली असावी.

मी पट्टा मोतिया करायचं सुचवलं. रहिवाशांच्या सदसद्विवेकाला आवाहन म्हणून. सेक्रेटरी म्हणाले, “तो विवेक रोज पुसायला तुम्ही येणार का?”

पुसायला मावशी येतात. त्यांना समितीत कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं, तेही माझ्या बाजूने एक मत वाढेल म्हणून.

फडकं पिळत त्या म्हणाल्या, “पांढरट करा, दादा. चॉकलेटीवर दिसत नाही, म्हणून लोक बिनघोर थुंकतात. हाताला लागतंच की.”

मला उत्तर सुचेना. इतकी वर्षं ज्याला आम्ही न दिसणारा डाग म्हणत होतो, तो फक्त आम्हाला दिसत नव्हता.

पुढच्या बैठकीत हेच मी प्रकाश, अवकाश वगैरे शब्द घालून मांडलं. ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात ‘रंगसंगतीचा विचार करून’ अशी नोंद आहे, खाली माझं नाव. मी ते मावशींना वाचून दाखवलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “नवी बादली कधी?”

तो विषय रंगसमितीच्या कक्षेत येत नाही.