जुनी नक्कल, नवी किंमत

महाराष्ट्रात काहीही ऑनलाइन मागवा, ते आधी भिवंडीला जातं आणि तिथे मुक्काम करतं. मानकोली, पडघा, काल्हेर, वडपे या गावांच्या शेतांत पूर्वी भात पिकायचं, आता खोकी पिकतात. हे पुण्य मुंबईच्या जकातीचं. गोदाम महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीत टाकायचं आणि लागेल तसा माल आत न्यायचा. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली.

हल्ली या खोक्यांत एक चपटं, चौकोनी खोकंही असतं. आत रॉकची जुनी तबकडी, नव्यानं छापलेली, 180 ग्रॅम वजनाची, चार आकडी किमतीची. ज्या पिढीनं घरच्या तबकड्या भंगारवाल्याला किलोवर दिल्या, तीच आता त्या ग्रॅमवर विकत घेते.

यातली एक तबकडी मराठी माणसानं जरूर शोधावी. बँडचं नाव ॲटॉमिक फॉरेस्ट, गाव मुंबई, काळ सत्तरीचं दशक. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी जोशात वाजवून या मंडळींनी नाव कमावलं. पदरात अल्बम एकच, 'ऑब्सेशन 77', आणि तोही बँड मोडल्यावर बाजारात आला. म्हणजे लग्न मोडल्यावर पत्रिका वाटल्या. पुढे परदेशातले संग्राहक त्याच्या मूळ प्रतीच्या मागे लागले आणि 'नाऊ-अगेन' नावाच्या अमेरिकी कंपनीनं तो पुन्हा काढला. साहेबाची गाणी आपण वाजवली, ती साहेबाला आवडली, त्यानं ती छापून आपल्यालाच विकली. कापसाच्या बाबतीत हाच व्यवहार पूर्वी मँचेस्टरनं केला होता, पण तेव्हा आपण होळी केली होती.

या बँडमधून गाणाऱ्यांत एक होता नंदू भेंडे. 'झोपी गेलेला जागा झाला'वाल्या आत्माराम भेंड्यांचा मुलगा. बाप फार्सचा बादशहा आणि मुलगा मायक्रोफोन धरून इंग्रजीत ओरडतोय, हे दृश्य तेव्हाच्या मराठी मध्यमवर्गाला पचलं नसेल तर नवल नाही. 1974 मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्युडास झाला. 1978 मध्ये जब्बार पटेलांनी 'तीन पैशाचा तमाशा' केला, तेव्हा मराठी रंगभूमीला त्याचा गळा आठवला. 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'मध्ये त्यानं कृष्णाला धरतीवर यायचं आवतण दिलं. येशूला दगा देऊन आठ वर्षांत कृष्णापर्यंत पोचलेला हा एकमेव मराठी गायक असावा.

'तमाशा'ची वंशावळ तर मजेदारच आहे. पु. लं.नी तो घेतला ब्रेख्तच्या 1928 च्या नाटकावरून, ब्रेख्तनं घेतला होता जॉन गेच्या 1728 च्या ऑपेरावरून. ब्रेख्तवर वाङ्मयचौर्याचा आरोप झाला तेव्हा त्यानं सांगून टाकलं की वाङ्मयीन मालमत्तेच्या बाबतीत आपण मुळातच ढिले आहोत. इतका प्रामाणिक चोर फार दुर्मीळ. पुण्यात मात्र या साऱ्याला अभिजात म्हणतात. तोच प्रकार गिटारवर झाला की पोरं वाया गेली.

भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. सूत व्यापाऱ्याचं, माप व्यापाऱ्याचं, शिक्काही व्यापाऱ्याचाच. याच्या वाट्याला मजुरी आणि खटखटाट. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडनं हा धंदा उलटा केला: सूत दुसऱ्याचं, शिक्का स्वतःचा. 'होल लॉटा लव्ह'साठी ब्लूजवाला विली डिक्सन 1985 मध्ये कोर्टात गेला, दोन वर्षांनी तडजोड झाली, मग त्याचं नाव लागलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'च्या जेक होम्सनं तर खटला भरला तो 2010 मध्ये. आता त्या गाण्याखाली 'जेक होम्सपासून प्रेरित' असं येतं. प्रेरणा पोचायला चाळीस वर्षं लागली. आपलं टपाल उगाच बदनाम आहे.

याच झेपेलिनची दोन माणसं, पेज आणि प्लांट, 1972 मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन आपलीच दोन गाणी वाजवून गेली. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आलं 2015 मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. गाण्यापुढे कंसात लिहिलंय: बॉम्बे ऑर्केस्ट्रा. शिक्क्यावर जागा कमी असते, मान्य.

आपल्याकडे नकलेच्या कलेला उद्योगाचा दर्जा दिला गुलशन कुमारनी. लता, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी नव्या गळ्यांतून, स्वस्त कॅसेटवर. कायद्यात फट होती, त्यांनी तिचा दरवाजा केला. त्यातून कुमार सानू, सोनू निगम घरोघरी पोचले, तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांनी थोडं जपून मुरडावं. 2012 मध्ये संसदेनं दरवाजाला कुलूप घातलं: मूळ गाणं येऊन पाच वर्षं व्हायला हवीत आणि वर्षाला निदान 50,000 प्रतींचं मानधन भरायला हवं. हौशी बँडकडे एवढ्या प्रती घेणारे नातेवाईक नसतात.

या सगळ्या गोतावळ्यात कायद्यानं स्वच्छ सापडतो तो भिवंडी तालुक्यातला बेंजोवाला. आगरी हळदीत रात्रभर तो कोळीगीत, डिस्को, कव्वाली, लताबाई, काल आलेलं रील असं सगळं एका दमात वाजवतो आणि कुणाचंही नाव लावत नाही, स्वतःचंसुद्धा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नं लग्न आणि त्यासोबतचे समारंभ मोकळे सोडलेत. झेपेलिननं आपले कार्यक्रम हळदीतच केले असते तर वकिलांचे पैसे वाचले असते.

बेंजोची तबकडी अजून कुणी काढलेली नाही. काढतील, कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी कानावर जायचा अवकाश. तोवर रात्री दहा वाजले की पोलिसांची गाडी मांडवाशी येते आणि वारसा बंद करायला सांगते.