सूचना वाचल्या, सही करा

इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि आमचा संसार पुण्याबाहेरच्या भाड्याच्या गोदामात, दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन बसला. करारात गॅस सिलिंडर, रॉकेल, फटाके सगळ्याला मनाई. मॅनेजरनं आजीच्या तांब्याच्या बंबाकडेही संशयानं पाहिलं. "हा पेटतो का?" पेटायचा, त्यासाठीच तर होता!

आग अडवणारं जड दार मात्र सताड उघडं. ते आपोआप मिटू नये म्हणून त्याला आग विझवायचं लाल नळकांडं टेकवलेलं. त्याच्यावरचा काटा हिरवा पट्टा सोडून कधीच शून्यावर विसावला होता. यंत्रणा चालू असल्याचा दाखला राज्याच्या 2006 च्या कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. तो होता. लॅमिनेट करून भिंतीवर! शेजारच्या खोलीत गाद्यांची चळत थेट स्प्रिंकलरला भिडलेली, म्हणजे पाणी आलंच तर वरची गादी तेवढी भिजणार.

निघताना वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. "सुरक्षा सूचना वाचल्या, असं लिहून सही करा."

"कुठं आहेत सूचना?"

"त्या काय, कपाटामागं."

कपाट 'बाहेर जाण्याचा मार्ग' या पाटीखाली, दाराला अगदी चिकटून उभं होतं.