पैनगंगेपलीकडची विलायत

आमच्या आजोबांना इंग्रजांच्या राज्यात जायला विमान लागत नव्हतं. हदगावातून निघायचं, पैनगंगेला पाणी किती ते बघायचं आणि धोतर वर धरून पलीकडं व्हायचं. नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं उमरखेडपासून इंग्रज. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि आमची नदी सरहद्द होऊन बसली. त्यामुळे आमच्या घरात इंग्लंडच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा आत्याबाईंनी पहिला सवाल टाकला, "उमरखेडला जायाला एवढे कागद कामून लागायलेत?"

विषय काढला पुतण्यानं. तो रेडिंगला नोकरीला आहे. "काका, आठ दिवस काढून या. जुनी शहरं, खेडी, सगळं फिरवतो," म्हणाला. लगेच ओसरीवर बैठक बसली. मी, आमची मंडळी, आत्याबाई आणि साडू. साडू एकदा काशीला जाऊन आलेले असल्यामुळे घरातल्या प्रवासखात्याचे ते कायमचे मंत्री.

पहिला घोळ तारखेचा. पुतण्या म्हणाला, तिकडं जून ते ऑगस्ट हवा छान असते. ते खरं, पण तेव्हा इकडं पेरणी, खुरपणी आणि फवारणी असते. पुढं पोळा, मग गणपती, मग महालक्ष्म्या. महालक्ष्म्या सोडून इंग्लंडला गेलो तर त्या परत घरात घेतील की नाही, याची आमच्या मंडळींना खात्री नव्हती. दसऱ्याच्या पुढं-मागं सोयाबीन काढायचं, नंतर हरभरा, नंतर हळद शिजवायची. असं करत करत बोट मे महिन्यावर येऊन थांबलं. नांदेडला बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना आम्ही स्वेटर शोधायला लागलो.

त्यात आत्याबाईंना कळलं की मे महिनाअखेर तिकडं सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. "मग देवापुढं दिवा कवा लावायचा?" त्याहून वाईट म्हणजे सहलीत संकष्टी येत होती आणि तिथला चंद्रोदय जवळजवळ मध्यरात्रीचा. उपास सोडायला पुतण्याची सगळी सोसायटी जागवावी लागली असती. संकष्टी टाळून तारखा पुढं सरकवल्या.

मग ठिकाणं. पहिलं स्टोनहेंज. साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगड, त्यातले काही तर वेल्समधून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर ओढत आणलेले. साडूंना ते पटेना. "आपल्या होट्टलच्या देवळात दगडावर काय सुंदर बायका कोरल्यात! तिथं आपण कधी जात न्हाई. अन् हे बिनकोरलेले दगड दोरीच्या पल्याडून बघायला तिकीट काढायचं?" होट्टल आपण अजून पाहिलं नाही हे सगळ्यांच्याच लक्षात आलं, म्हणून विषय बदलला.

दुसरं बाथ. रोमन लोकांनी गरम पाण्याच्या झऱ्यावर बांधलेलं स्नानगृह. पाणी 46 अंशाचं. आत्याबाई खुलल्या. किनवटकडं आमचं उनकेश्वर आहे, तिथल्या उन्हाळ्यात त्यांनी कितीदा अंग धुतलेलं. त्यांनी जास्तीचं लुगडं बाजूला काढून ठेवलं. पुतण्यानं फोनवर सांगितलं की त्या जुन्या कुंडात उतरू देत नाहीत, फक्त बघायचं. आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "गावाचं नाव आंघोळ, अन् आंघोळीला बंदी!"

तिसरं कॉट्सवोल्ड्स. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, उतारावर मेंढ्या. फोटो बघून आमची मंडळी म्हणाली, "खेडंच बघायचं तर माझं माहेर तामशाला आहे. वर्षातून एकदा तरी न्या." ही तक्रार सहलीपेक्षा जुनी असल्यामुळे मी पुढं सरकलो.

स्ट्रॅटफर्डचा हट्ट माझा. 1564 साली शेक्सपिअर जिथं जन्मला ते गाव. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि शेक्सपिअर गाइडवरून शिकवला. एकदा दारापर्यंत जाऊन माफी मागावी, एवढीच इच्छा.

यॉर्क मात्र एकमतानं पास झालं. तिथं रस्त्याला 'गेट' म्हणतात आणि वेशीला 'बार', असं पुतण्यानं सांगितल्याबरोबर साडूंनी विचारलं, "किती बार आहेत?" जुन्या तटबंदीच्या वेशी आहेत म्हटल्यावर त्यांचा उत्साह निम्मा झाला, तो रेल्वेच्या संग्रहालयानं भरून काढला. प्रवेश फुकट! 1825 साली इंग्लंडात स्टॉकटन-डार्लिंग्टन गाडी धावली. आमचा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग 284 किलोमीटरचा मंजूर आहे, पण हदगावात अजून इंजिनाची शिट्टी वाजलेली नाही. तेव्हा निदान संग्रहालयात तरी इंजिनाला हात लावू, असं ठरलं. जेवणासाठी बस वारंगा फाट्यासारखी खिचडीला कुठं थांबते, या साडूंच्या प्रश्नाला पुतण्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी कागद. व्हिसासाठी कागद इंग्रजीत हवेत किंवा वेल्श भाषेत. वेल्श चालते, मराठी चालत नाही. सातबाऱ्याचं भाषांतर एका होतकरू गृहस्थाकडून करून घेतलं. सहीच्या आधी वाचून बघितलं म्हणून बरं! 'पोटखराबा, चार आर' याचं त्यांनी 'स्टमक अपसेट, फोर आर' असं केलं होतं. आधीच माझ्या बँकेतल्या शिलकीवर विलायतचा साहेब कितपत विश्वास ठेवील ही धास्ती, त्यात पोट बिघडलेलं शेत!

ते दुरुस्त झालं. तिकिटं हैदराबादहून ठरली, कारण तिथून लंडनला सरळ विमान आहे. म्हणजे आम्ही आजोबांसारखेच निजामाच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात जाणार, फक्त धोतर वर धरायला लागणार नाही.

आता राहिलं ते एकच. आम्ही तिकडंच राहणार नाही, परत येऊ, हे साहेबाला पटवायचं. साडू म्हणाले, लांबलचक पत्र लिहा. मी एकतीस वर्षांचं सगळं इंग्रजी पणाला लावलं आणि दोन ओळी लिहिल्या. आमचं परतीचं विमान 3 जूनला हैदराबादला उतरतं. 7 जूनला मृग लागतो.